धरणाच्या पाण्यात लहान मोटारबोट मुरिंगला कशी बांधावी

समुद्रावर भरती-ओहोटीचे पाणी साधारण सहा तासांनी फिरते. राधानगरी किंवा काळम्मावाडीसारख्या जलाशयात हा चढउतार वर्षातून एकदाच होतो, परंतु तो कित्येक मीटरचा असतो. त्यामुळे कोल्हापूर परिसरात मोटारबोट मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच तळाशी कायम बांधून, ठेवायची असेल, तर कोकणातल्या बंदरातली मापे जशीच्या तशी उचलून चालत नाही. तळाशी कायमचे वजन, त्याला साखळी, साखळीच्या वरच्या टोकाला बोया, म्हणजे तरंगता गोळा, आणि तिथून बोटीच्या नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, दोर, अशी ही रचना असते. बोट फक्त नाळेला बांधलेली असल्याने ती वारा फिरेल तशी वजनाभोवती मोकळी फिरते आणि तिचे तोंड नेहमी वाऱ्याकडे राहते.

जागेसाठी जलसंपदा विभागाची आणि अभयारण्याची हद्द येत असेल तर वनविभागाचीही परवानगी आधी घ्यावी. सांडव्यापासून पुष्कळ दूर राहावे. राधानगरीचे 7 स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की आपोआप उघडतात, ते कोणाच्या बोटीसाठी थांबत नाहीत.

तळातल्या वजनाबाबत बहुतेकांची फसगत होते, कारण ते वजन काठावर मोजलेले असते. काँक्रीटचा 500 किलोचा ठोकळा पाण्यात गेला की जेमतेम 290 किलोचा उरतो. तेवढ्याच वजनाचे ओतीव लोखंड मात्र पाण्यातही सुमारे 430 किलो भरते. शिरोली आणि उद्यमनगरच्या फाउंड्र्या हाताशी असताना कडी बसवलेले बिडाचे वजन ओतून घेणे आपल्याकडे अवघड नाही, आणि माझ्या मते पहिला जादा खर्च इथेच करावा.

साखळीची लांबी पूर्ण भरलेल्या जलाशयावरून ठरवावी आणि घेराचा हिशेब मात्र मे महिन्यातल्या पाण्यावरून करावा. समजा, भरल्या जलाशयात तिथली खोली 12 मीटर आणि उन्हाळ्यात 4 मीटर आहे, तर 18 मीटर साखळी ताणली गेल्यावर बोया भरल्या पाण्यात वजनापासून सुमारे साडेतेरा मीटरपर्यंत, तर उन्हाळ्यात साडेसतरा मीटरपर्यंत सरकू शकतो. त्यात 3 मीटर दोर आणि 5 मीटर बोट धरली, तर साधारण 26 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात दुसरी बोट, उघडा पडणारा खडक किंवा बुडालेल्या झाडाचे खोड असता कामा नये. ही पाहणी पाणी उतरलेले असतानाच करावी. ऑगस्टमध्ये तिथे नुसते सपाट पाणी दिसते.

खुंट्याभोवती फिरणाऱ्या म्हशीच्या साखळीला पीळ पडू नये म्हणून भोवरकडी लावतात. बोटही तशीच फिरत असल्याने तळाची जाड साखळी आणि वरची साखळी यांच्यामध्ये दणकट भोवरकडी हवीच. प्रत्येक शॅकलची, म्हणजे साखळीचे भाग जोडणाऱ्या कडीची, पिन घट्ट आवळून तिच्या छिद्रातून तार ओवावी आणि ती शॅकलच्या अंगाला गुंडाळावी. हा कंटाळा मी एकदा केला होता. पुढच्या उन्हाळ्यात साखळी वर ओढली, तेव्हा पिन अवघ्या दोन आट्यांवर लोंबत होती. बोट वाहून गेली नाही, हे केवळ नशीब.

बोट आणि साखळी यांच्यामधला दोर नायलॉनचा असावा, कारण तो ताणला जाऊन झटके सोसतो आणि पाण्यात बुडतो. पॉलीप्रॉपिलीनचा दोर तरंगतो, पंख्यात अडकतो आणि आपल्याकडच्या उन्हात लवकर कुजका होतो. दोर बोयाच्या वरच्या नाजूक कडीला न बांधता थेट साखळीशी जोडावा. बोयाचे काम साखळीचे टोक वर धरण्याचे आहे, बोट ओढून धरण्याचे नाही. दोर बहुधा नाळेच्या काठावर घासून तुटतो, म्हणून तेवढ्या भागावर बागेतल्या पाइपचा तुकडा चढवावा आणि तो सरकणार नाही असा बांधून टाकावा. शिवाय पहिल्यापेक्षा थोडा लांब असा दुसरा दोर बोटीवरच्या वेगळ्या खुंट्याला बांधून ठेवावा.

बोयाकडे येण्यापूर्वी सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे आणि शेजारच्या बोटींची तोंडे कुठे आहेत ते पाहावे. त्याच दिशेने, म्हणजे वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या विरुद्ध, अगदी हळू यावे. नाळेवरच्या माणसाने आकडीने बोयाचा दोर धरण्यापूर्वी इंजिन न्यूट्रलमध्ये असावे, परंतु दोर खुंट्याला पक्का होईपर्यंत ते बंद करू नये. बोया हुकला तर अंग बाहेर टाकून तो पकडण्यापेक्षा एक फेरी मारून पुन्हा यावे. हाताला दोराचा वेढा कधीही देऊ नये; बोटीचे ओझे आले की बोटे चिरडतात. दोर खुंट्यावर एक पूर्ण वेढा आणि मग आठच्या आकाराचे फेरे देऊन बांधावा, दुसरा दोर लावावा आणि इंजिन हलके मागे टाकून दोन्ही दोर कसे धरतात ते पाहावे.

उतरण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक आणि बॅटरीचा स्विच बंद करावा व इंजिन वर उचलून ठेवावे. उघड्या बोटीवर ताडपत्री मधोमध उंच राहील अशी बांधावी, कारण 4 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद बोटीत 100 मिलिमीटर पावसाने सुमारे 600 लिटर पाणी साचू शकते, आणि गगनबावड्याच्या बाजूला जुलैत असा दिवस काही अपूर्वाईचा नसतो. म्हणूनच जूनच्या सुरुवातीला बोट काठावर ओढून घ्यावी आणि मुरिंगवर फक्त बोया ठेवावा. पंचगंगेच्या पात्रात तर पावसाळ्यात मुरिंगचा विचारही करू नये. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका पातळी मोजली जाते, पण पाणी तिथवर जाण्याच्या कितीतरी आधी वाहत येणारी जलपर्णी आणि ओंडके साखळीत अडकून बोटीला तोंडघशी पाण्याखाली ओढू शकतात.