चिनी वैद्यकवाला ‘तुमची किडनी वीक आहे’ म्हणाला तर काय समजायचं, काय करायचं

झोप लागत नाही, जीव घाबरतो, सारखं रडू येतं म्हणून सांगली-मिरजेतली माणसं अ‍ॅक्युपंक्चरला, म्हणजे चिनी पद्धतीनं सुया टोचून घ्यायला, जातात आणि तिथं "किडनी वीक आहे" नाहीतर "लिव्हरमध्ये अडकलंय" असं ऐकलं की घाबरून दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रक्त द्यायला उभी राहतात. तर आधी एवढं डोक्यात पक्कं करा, चिनी वैद्यकातलं लिव्हर किंवा किडनी म्हणजे सोनोग्राफीत दिसते ती नव्हे, त्यामुळं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, नॉर्मल आली म्हणून तो सुयावाला खोटारडा ठरत नाही आणि तो बोलला म्हणून तुमची किडनी खराबही होत नाही.

त्यांच्याकडं मन वेगळं काढलेलंच नाही. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या हुआंगदी नेजिंग या ग्रंथापासून पाच अवयवांना एकेक भावना जोडलेली आहे, राग लिव्हरकडं, अति आनंद हृदयाकडं, सारखा विचार प्लीहेकडं (म्हणजे स्प्लीन), दुःख फुफ्फुसाकडं आणि भीती किडनीकडं. जाणीव, ज्याला ते शेन म्हणतात, ती हृदयात राहते. आणि हे दोन्ही बाजूनं चालतं, म्हणजे राग साठला की लिव्हर बिघडतं आणि लिव्हर बिघडलं की माणूस चिडचिडा होतो.

जास्त करून ऐकायला मिळतं ते लिव्हरचंच. अंगातली शक्ती, म्हणजे ची, वाहती ठेवणं हे त्याचं काम, आणि राग गिळत राहिलं की पाटात गाळ साचून पाणी तुंबावं तशी ती तुंबते असं मानतात. मग बरगड्यांखाली ताठरल्यासारखं होतं, सारखे उसासे येतात, पोट फुगतं, पाळीच्या आधी चिडचिड वाढते, घशात काहीतरी अडकलंय पण गिळताही येत नाही न् बाहेरही येत नाही असं वाटतं. एकत्र कुटुंबात सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या बाईला हे वाचून आपलंच लिहिलंय असं वाटेल, आणि मला या पद्धतीची हीच गोष्ट फार मोलाची वाटते, कारण "मला डिप्रेशन आहे" हे ज्या घरात तोंडातून निघत नाही तिथं "बरगडीखाली आवळतं" एवढं तरी बोलता येतं.

आता जायच्या आधीचं. आठवडाभर वहीत लिहा, झोप किती वाजता मोडते, भूक कशी आहे, छाती कधी धडधडते, त्याआधी घरात काय झालं होतं. जीभ बघतात, टोक हृदयाचं, कडा लिव्हरच्या, मधला भाग प्लीहा-पोटाचा, मूळ किडनीचं, आणि पिवळा थर दिसला की अंगात उष्णता आहे असं धरतात. म्हणून त्या दिवशी सकाळी हळद-दूध नको, कॉफी नको, पान तर नकोच, आपल्या सांगलीत हळद घरोघरी, आणि रंगलेली जीभ दाखवली तर निदानच चुकायचं. जीभ घासूनही जाऊ नका. नाडी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बघतात, जिना चढून आल्या आल्या हात पुढं करू नका, जरा बसा.

घरी करण्यासारखं म्हणजे दाब देणं. मनगटाच्या आतल्या बाजूच्या घडीपासून तीन बोटं वर, मधल्या दोन दोरीसारख्या कंडरांच्या मध्ये नेइगुआन हा दाबायचा बिंदू, आणि त्याच घडीवर करंगळीच्या बाजूला खळगा लागतो तो शेनमेन, झोपताना अंगठ्यानं मिनिट-दोन मिनिटं हळू दाबा. त्यानं शांत वाटत असेल तर करा, अपाय नाही. नैराश्यावर सुयांच्या चाचण्या बऱ्याच झाल्यात पण पुरावा अजून कच्चा आहे, म्हणून सोबतीला ठीक, डॉक्टरच्या जागी नाही.

पुड्या-गोळ्यांचं मात्र जपून. मन शांत करायच्या काही जुन्या चिनी औषधांत हिंगूळ असतो, म्हणजे पाऱ्याचं संयुग, तो पोटात नको. जेष्ठमध बऱ्याच काढ्यांत असतं, बीपी असेल तर ते रोज घेऊन बीपी वाढतं. नावं लिहून दिल्याशिवाय काही घेऊ नका आणि मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर कुणीही सांगितलं तरी स्वतःच्या मनानं बंद करू नका, एकदम सोडल्या की त्रास उलटतो. नुसता थकवा आणि उदासी असेल तरी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ एकदा बघून घ्या, आणि छातीत धडधडत असेल तर ईसीजी आधी.

माणूस कोपरा धरून बसतो, बोलत नाही, किंवा उलट आरडाओरडा करतो, झोपतच नाही, याला त्यांच्या ग्रंथांत कफानं हृदय झाकलं असं म्हणतात. म्हणू देत, पण अशा माणसाला सुया टोचत बसू नका, सरळ सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात न्या. मरायच्या गोष्टी बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ ला फोन लावा, टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. दवाखान्यात जाताना ती वही आणि चालू असलेल्या सगळ्या पुड्या पिशवीत टाकून न्या, चिनी असोत नाहीतर आयुर्वेदिक, डॉक्टरपुढं सगळ्या काढून ठेवा.