इंजिन तापल्यावर जुनी गाडी बंद पडत असेल तर : माझा अनुभव

वडिलांच्या पश्चात त्यांची जुनी, कॉन्टॅक्ट पॉइंटवर (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या टोकांवर) चालणारी गाडी मी चालती ठेवली आहे. थंड असताना ती लगेच सुरू होई. मात्र इंजिन पुरते तापले की अडखळत बंद पडे आणि निवल्यावर पुन्हा सुरळीत चाले. पेट्रोल फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइलही नवी बसवली. पदरी केवळ वैताग आला.

निर्णायक ठरली ती गाडी बंद पडताच, गरम असतानाच केलेली तपासणी. डिस्ट्रिब्यूटरच्या (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) मध्यभागातून कॉइलची जाड वायर काढून, पेट्रोलची गळती नाही याची खात्री करून, इन्सुलेटेड पकडीने तिचे टोक इंजिनच्या धातूपासून सुमारे ६ मिमीवर धरले आणि स्टार्टर फिरवायला सांगितला. ठिणगी निळसर नव्हे, फिकट पिवळी होती. पॉइंटही जळून काळे पडले होते, त्यामुळे संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी पडू न देणाऱ्या छोट्या भागावर, गेला.

प्रथम बॅटरीची अर्थ वायर सोडवली, डिस्ट्रिब्यूटरची कॅप व आतला फिरता रोटर काढले आणि कंडेन्सरची बैठक घासून स्वच्छ केली, कारण अर्थ नीट न मिळाल्यास नवा कंडेन्सरही निरुपयोगी ठरतो. तो व नवे पॉइंट बसवून, पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत इंजिन हाताने फिरवले आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) त्यांच्यात ०.४० मिमी अंतर ठेवले. हा आकडा बाबांच्या वहीत, तेलकट ठशांच्या गर्दीत, ठळक अधोरेखित होता. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. स्क्रू आवळताना अंतर सरकते, म्हणून ते पुन्हा मोजावे. अंतराबरोबर टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) बदलते, ते शेवटी तपासावे.