विमान कंपनीतल्या मॅनेजरांचा पर्यावरणाबद्दलचा कल कसा तपासायचा

‘पर्यावरण जपणं महत्त्वाचं वाटतं का?’ असं विचारलंत तर झाडून सगळे ‘हो’ म्हणतील. त्या ‘हो’तून हाती काहीच लागत नाही. प्रश्न रोजच्या निर्णयावर हवा, आणि त्यात आकडा हवा.

उदाहरणार्थ: ‘पुढच्या विमानतळावर इंधन महाग आहे, म्हणून इथूनच २ टन जादा भरायचं. उड्डाण २ तासांचं. किती पैसे वाचत असतील तर तुम्ही मंजुरी द्याल?’ जादा वजन वाहून न्यायला तासाला त्या वजनाच्या साधारण ३ टक्के इंधन जळतं, म्हणजे इथे १२० किलो. एक किलो इंधनामागे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर सुमारे ३८० किलो. हा हिशेब प्रश्नातच छापून द्या. उत्तरात आलेली रक्कम हाच खरा कल. फक्त युरोपीय संघातल्या विमानतळांसाठी हा प्रश्न वापरू नका. तिथून सुटणाऱ्या उड्डाणांना लागणाऱ्या वर्षभराच्या इंधनापैकी किमान ९० टक्के तिथेच भरण्याचं बंधन २०२५ पासून आहे. नियम पाळणं वेगळं, मनात असणं वेगळं.

असे १२ ते १५ प्रश्न पुरेत, त्याहून लांब फॉर्म अर्ध्यात सोडला जातो. रकमेऐवजी विधान दिलं असेल तिथे उत्तरांना ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाच पायऱ्या ठेवा आणि तीन-चार विधानं उलट्या अर्थाची घाला, म्हणजे डोळे झाकून खुणा करणारे सापडतात. ‘खर्च आणि प्रदूषण दोन्ही कमी व्हावं’ अशी जोडविधानं फोडा. नाहीतर माणूस नेमकं कशाला ‘हो’ म्हणाला ते कळत नाही. आधी पाच-सहा जणांकडून भरून घ्या आणि ते कुठे अडखळतात ते पाहा.

फ्लाइट ऑपरेशन्स, इंजिनीअरिंग, ग्राउंड हँडलिंग, कमर्शियल आणि फायनान्स, सगळ्यांना विचारा. फक्त पर्यावरण कक्षाला विचारणं म्हणजे आपलीच पाठ थोपटणं. नाव विचारू नका, आणि पाचपेक्षा कमी माणसांच्या विभागाचे आकडे वेगळे दाखवू नका, लगेच ओळख पटते. फॉर्म साहेबांच्या ईमेलवरून गेला तर उत्तरं साहेबांना आवडतील अशीच येणार.

मग नोंदी काढा: विमान उभं असताना एपीयू (वीज आणि हवा पुरवणारं विमानातलं छोटं इंजिन) किती मिनिटं चालला, उतरल्यावर एकाच इंजिनावर टॅक्सी (विमान जमिनीवर चालवत नेणं) किती वेळा झाली, कॅप्टनने स्वतःहून जादा इंधन किती घेतलं. ज्या विभागाची उत्तरं आणि नोंदी जुळत नाहीत, तिथल्या मॅनेजरांची मुलाखत घ्या, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास.

इथेच बहुतेक अहवाल फसतात, कारण अडचणीला अनास्था समजलं जातं. एपीयू चालू राहिला, कारण स्टँडवर (विमान उभं करायच्या जागी) ग्राउंड पॉवर, म्हणजे विमानतळाची वीज, बंद होती किंवा केबिनसाठी बाहेरून थंड हवेचा पुरवठा मिळत नव्हता. दोन्ही इंजिनं चालू राहिली, कारण उतरल्यावर इंजिन बंद करण्याआधी ते काही मिनिटं, अनेक इंजिनांना तीनेक, थंड होऊ द्यावं लागतं आणि स्टँड तेवढ्यातच आला. म्हणून तक्त्यात ‘नको वाटतं’ आणि ‘जमत नाही’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. पहिल्यातले मुद्दे त्या विभागाच्या वरिष्ठांकडे जातात, दुसऱ्यातले विमानतळ चालकांकडे.