भाषेच्या वर्गात पॉडकास्ट आणि डिजिटल कथा: या चुका टाळा

सोलापुरात घरी मराठी, तेलुगू, कानडी किंवा उर्दू बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. अशा वर्गात ध्वनिमुद्रित कथा फार उपयोगी पडते, पण ती तयार करताना आणि ऐकवताना ठरावीक चुका होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे निबंध लिहून घेऊन तोच मोबाइलसमोर वाचायला लावणे. 1990च्या दशकात कॅलिफोर्नियातील कार्यशाळांतून डिजिटल कथाकथन रुजले, तेव्हापासून कथाकाराचा स्वतःचा आवाज आणि स्वतःचा अनुभव हाच त्याचा गाभा मानला जातो. ‘गड्ड्याची यात्रा’ (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) असा विषय दिला की मुले पाठ्यपुस्तकातली वाक्ये जुळवतात. ‘गड्ड्यावर तुझा हात कोणी धरला होता?’ असे विचारले की ती बोलू लागतात. आधी शेजारच्या मित्राला सांगू द्यावे, मग चार-पाच मुद्दे टिपून घ्यावेत आणि त्यांवरून बोलायला लावावे. विणकराच्या घरातली मुलगी आजीच्या हातमागाविषयी सांगताना ताणा, बाणा, धोटा, कांडी या विणकामातल्या शब्दांपाशी अडते आणि ते मराठीत कसे म्हणायचे हे घरी विचारून येते. माझ्या मते खरे भाषाशिक्षण त्या विचारपुशीतच होते. तिच्या बोलण्यात ‘काय करायलास?’ असे सोलापुरी वळण आले, तर ते कापून टाकू नये.

दुसरी चूक ऐकवण्यातली आहे. पॉडकास्टचा वीस मिनिटांचा भाग लावून शेवटी ‘समजले का?’ असे विचारल्याने काहीच हाती लागत नाही. दोन-तीन मिनिटांचा तुकडा निवडावा. पहिल्यांदा कोण आणि कुठे एवढेच शोधायला सांगावे, दुसऱ्यांदा तपशील टिपायला लावावेत आणि तिसऱ्यांदाच लिखित मजकूर हाती द्यावा, कारण मजकूर आधी मिळाला की डोळे पुढे धावतात आणि कान रिकामे राहतात. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जगणे’मधला ‘जग’, किंवा ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च, हे फरक लिपीत दिसतच नाहीत. ते केवळ ऐकूनच पक्के होतात.

आवाज खराब येण्याची कारणे बहुधा साधी असतात. खोली घुमत असेल, तर बोलणाऱ्याच्या मागे दुहेरी घडीची सोलापुरी चादर टांगावी. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा, म्हणजे प, फ, भ उच्चारतानाची फुंकर माइकवर आदळत नाही. पंख्याची एकसारखी घरघर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरने कमी करता येते. त्यासाठी सुरुवातीचे काही सेकंद शांत ठेवावे लागतात. यंत्रमागाचा खडखडाट मात्र तसा निघत नाही, म्हणून माग बंद असतानाची वेळ साधावी. गोंगाट काढण्याच्या नादात प्रमाण वाढले, तर स आणि श पुसट होतात आणि उच्चार ऐकवण्याचा हेतूच बुडतो.

चित्रपटगीते पार्श्वसंगीतासाठी परवानगीशिवाय वापरू नयेत. मुद्रित आवाज 64 केबीपीएस (सेकंदाला 64 किलोबिट) मोनो (एकाच वाहिनीचा) एमपी3 असा ठेवल्यास पाच मिनिटांची फाइल सुमारे 2.4 एमबीची होते आणि पालकांच्या डेटावर ताण येत नाही.

मूल बोलत असताना मध्येच चूक दुरुस्त करू नये. ध्वनिमुद्रण त्यालाच ऐकवावे, खटकलेले वाक्य त्यालाच निवडू द्यावे आणि तेवढेच पुन्हा ध्वनिमुद्रित करावे.