कुलपावर विश्वास ठेवून माहिती भरता? या चुका टाळा

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप दिसले की पान खरे, हा समज माझ्या मते सर्वांत महागात पडतो. तुम्ही भरलेली माहिती वाटेत कोणाला वाचता येणार नाही, एवढेच ते कुलूप सांगते. ती घेणारा कोण आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. हा गैरसमज इतका पक्का बसला होता की क्रोमने 2023 मध्ये डेस्कटॉपवरून ते चिन्हच हटवले.

पाहायचा तो पत्ता, आणि तोही उजवीकडून. 'बँक.कॉम.खाते-तपासणी.नेट/लॉगिन' यात सुरुवातीच्या ('https://' मधल्या) दोन तिरप्या रेघा सोडल्या, तर पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच डावीकडे असलेले 'खाते-तपासणी.नेट' हेच मूळ नाव आहे, त्याआधीचे 'बँक.कॉम' त्या नावाच्या मालकाने स्वतःच जोडलेले असते. शिवाय सिरिलिक (रशियन वगैरे भाषांच्या) लिपीतील काही अक्षरे रोमन अक्षरांसारखीच दिसतात, तिथे डोळ्यांचा उपयोग नाही. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारे आणि योग्य पत्त्यावर स्वतःच भरणारे साधन, मात्र फसत नाही, कारण तो अक्षराचा आकार नव्हे तर त्यामागचा संगणकीय संकेतांक जुळवतो. त्याने पासवर्ड आपोआप भरला नाही, तर आपण तो कॉपी करून चिकटवतो. ही चूक हमखास होते.

'ओटीपी नेहमीच्याच ठिकाणाहून आला, म्हणजे पान खरेच,' असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तुम्ही बनावट पानावर टाकलेला पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर टाकला जातो, त्यामुळे खरे संकेतस्थळ तुम्हाला खराच ओटीपी पाठवते आणि तोही तुम्ही भामट्याच्याच हाती देता. पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली) मूळ पत्त्याशी बांधलेली असल्याने तिथे हा डाव चालत नाही.

अशुद्ध भाषेवरून खोटा संदेश ओळखण्याचे दिवस आता सरले आहेत. जन्मतारीख, पहिली शाळा, पाळीव प्राण्याचे नाव विचारणाऱ्या गमतीच्या प्रश्नमंजूषाही निरुपद्रवी नसतात, कारण खाते परत मिळवताना काही ठिकाणी नेमके असेच प्रश्न विचारले जातात.

माहिती भरून झालीच असेल, तर संदेशातील दुव्यावरून नव्हे, पत्ता स्वतः टाइप करून पासवर्ड बदला, सर्व उपकरणांवरून लॉगआउट करा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करून कार्ड बंद करून घ्या. ईमेल खाते गेले असेल, तर सेटिंग्जमधील फॉरवर्डिंगचे नियम आणि रिकव्हरीचा क्रमांक अवश्य तपासा. भामट्याने तिथे आपला पत्ता घालून ठेवला असेल, तर पासवर्ड बदलल्यानंतरही तुमची पत्रे त्याच्याकडे जातच राहतात.