पेटीचा सूर घासण्याआधी भाता तपासा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि त्याच दिवसांत सुरांवर, म्हणजे आतल्या पितळी पात्यांवर, ब्लेडचे ओरखडे असलेल्या पेट्या (हार्मोनियम) दुरुस्तीला येऊ लागतात. एका भजनी मंडळाची पेटी दुपारभर बंद टेम्पोत तापली. उतरवल्याबरोबर मोबाईलच्या ट्यूनरवर लावली, तर प्रत्येक पट्टी ५-७ सेंट खाली (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). ‘पेटी उतरली’ म्हणत नव्या वादकाने नर (मधल्या सप्तकातल्या) सुरांच्या अर्ध्या सप्तकाची टोकं कानशीने घासली. पितळ तापलं की त्याचा ताठरपणा किंचित कमी होतो, म्हणून सूर उतरतो. पण उतरतात ते सगळेच, त्यामुळे पेटी आपसात जुळलेलीच राहते. रात्री ती थंड झाली, न घासलेले सूर जागेवर आले, घासलेले वर चढून बसले आणि खर्ज (खालच्या सप्तकातले) आणि नर सूर एकत्र वाजवले की आवाज कमी-जास्त होणाऱ्या लाटा ऐकू यायला लागल्या. (चर्चमधल्या नळ्यांच्या ऑर्गनचं बरोबर उलटं: हवा तापली की नळीचा सूर चढतो.)

तेव्हा पेटी सावलीत दोन तास उघडी ठेवा, मगच ट्यूनर काढा. घासायचंच असेल तर पातीखाली पातळ पोलादी पट्टी सरकवून टोकाशी घासा, सूर चढेल. रिव्हेटजवळ घासाल तर उतरेल. दोन हलके हात, की पेटीत बसवून ऐका. गेलेलं पितळ परत येत नाही, आणि ज्याला एवढाही धीर नाही त्याने कानस हातात घेऊच नये.

सूर मुका झाला किंवा खरखरतोय, तर तो ‘गेला’ असं समजू नका. बहुतेक वेळा पाती आणि चौकटीच्या फटीत तूस अडकलेलं असतं. आपल्याकडे पेटीवर नवा कोरा टर्किश टॉवेल टाकायची हौस. त्याचंच हे तूस. जुनं धुतलेलं धोतर टाका. अडकलेलं काढायला पाती नखाने अलगद उचलून खालून पातळ कागद फिरवा. तेल, स्प्रे काही नको, धूळ चिकटून बसते.

घासण्याआधी भाताही तपासा. सगळे स्टॉप (हवा सोडणाऱ्या, पुढच्या ओढायच्या खुंट्या) बंद करून भाता भरा. हात सोडल्यावर हवा लगेच बसली, तर गळती आहे. आधी घड्यांचे कोपरे बघा. तिथे सेलोटेप किंवा झटपट गोंद लावला की तो कडक होतो आणि शेजारीच नवी चीर पडते. मऊ पातळ कातडं सरसाने लावा, रात्रभर सुकू द्या.

पावसाळ्यात पट्टी दाबलीच राहते, कारण लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासतं. कडेला पॉलिशपेपर एकदाच फिरवा. श्रावणात जास्त घासलेली पट्टी उन्हाळ्यात खुळखुळते. पट्टी मोकळी असूनही सूर आपोआप वाजतोय, तर पट्टीखालच्या झडपेच्या कातड्याखाली कण असेल. ब्रशने झाडा, स्प्रिंग ताणत बसू नका.

आणि भाता मिटताना एक पट्टी दाबून आतली हवा सोडा, मगच खटका लावा.