बर्फात फोर बाय फोर: मनाली ते सिस्सू, आणि मुख्य म्हणजे परत

बर्फ पडला की मनालीहून अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाकडे जाताना, नेहरू कुंड किंवा सोलांगच्या नाक्यावर, पोलीस फक्त फोर बाय फोर आणि चाकांना चेन लावलेल्या गाड्या सोडतात. हॅचबॅकवाले मुकाट मागे वळतात आणि एमएच पाटीची थार ऐटीत पुढे निघते. खरा धोका त्या ऐटीत आहे. नाक्यावरची परवानगी वर जाण्यापुरती असते. उतारावर गाडी थांबेल की नाही हे तिथे कुणी तपासत नाही. २०२४ च्या डिसेंबरात सोलांग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजारेक गाड्या अडकून पडल्या. उतारावर घसरत गेलेल्या थारचा व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरला होता.

हिशेब आधी समजून घ्या

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना. ब्रेक मात्र अल्टोलाही चारही चाकांनाच असतात. त्यामुळे गाडी उठवायला आणि चढ चढायला फोर बाय फोरचा दुप्पट फायदा, थांबायला शून्य. थांबणं ठरतं टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर. ताशी ४० च्या वेगाने कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते, दाबल्या गेलेल्या बर्फावर ३० मीटरच्या वर आणि गोठलेल्या काचेसारख्या थरावर ६० मीटरच्या पुढे. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे आणखी ११ मीटर, यात धरलेलाच नाही.

आता शंभर मीटरला दहा मीटर चढ असलेला रस्ता घ्या. दाबलेल्या बर्फावर दोनच चाकांना ताकद मिळणारी गाडी इथे जेमतेम चढते किंवा जागेवर चाकं फिरवत बसते. ड्रायव्हर वैतागतो, पण त्याला निरोप पोहोचलेला असतो: रस्त्यात दम नाही, परत फिर. फोर बाय फोर तोच चढ चाक न घसरवता चढून जाते आणि हा निरोप ड्रायव्हरपर्यंत पोहोचतच नाही. उतरताना २० च्या वेगाला थांबायला १५-१६ मीटर लागतात. दिवसभर शेकडो गाड्यांनी घासून तोच बर्फ गुळगुळीत झाला, की गाडीला खाली ओढणारं वजन आणि टायरची पकड जवळपास सारखी होते. मग ब्रेक दाबून धरला तरी गाडी घसरतच राहते. वजनदार गाडी लवकर थांबते हाही गैरसमज. पावणेदोन टनांची थार आणि बाराशे किलोंची जिम्नी त्या थरावर सारख्याच घसरतात, फक्त थार ज्याला धडकेल त्याचं नुकसान जास्त.

सह्याद्रीतल्या चिखलाचा अनुभव इथे उलटा नडतो. चिखलात रेस कायम ठेवायची, चाक फिरतं ठेवायचं, टायरच्या खाचा चिखल फेकत तळाची घट्ट जमीन शोधतात. गोठलेल्या रस्त्यात खाचांना रुतायला काही नसतं. फिरणारं चाक फक्त वरचा थर वितळवतं आणि स्वतःखाली पाण्याचा पातळ पापुद्रा तयार करतं.

निघण्याआधी गाडी तपासा

पहिली गोष्ट म्हणजे गाडी खरंच फोर बाय फोर आहे का. प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळते, आणि २०२४ ला आलेल्या थार रॉक्समध्ये पेट्रोलला फोर बाय फोर दिलेलं नव्हतं. भाड्याने घेताना गिअरशेजारचा दुसरा छोटा दांडा किंवा डॅशवरचं फोर-एच (चारही चाकांना ताकद), फोर-एलचं (तीच, पण कमी वेगात जास्त जोर) बटण स्वतः डोळ्यांनी पाहा. मागच्या चाकांवर चालणारी रिकामी थार बर्फाच्या चढावर स्विफ्टपेक्षाही वाईट, कारण वजन पुढे आणि ताकद मागे.

दांडा असेल तर तो वापरून पाहा. महिनोन्‌महिने न हलवलेला ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) अडकतो, आणि ते कळायची जागा सोलांगपुढच्या धुंदी इथल्या वळणावर नको. मोकळ्या मैदानात टू-एच (दोनच चाकांना ताकद), फोर-एच, मग गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये फोर-एल, असं दोन-तीनदा करा. डॅशवर दिवा नुसता लुकलुकत राहिला तर गिअर पूर्ण बसलेला नाही. गाडी हात-दोन हात पुढे-मागे केली की बसतो.

टायरच्या बाजूवर एम प्लस एस असं कोरलेलं असतं, त्यावर विसंबू नका. ते कंपनी स्वतःच लिहू शकते. बर्फावर चाचणी होऊन मिळणारी खूण वेगळी: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. आपल्याकडच्या बहुतेक ऑल टेरेन टायरवर ती नसते. साधं रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, मग खाचा कितीही खोल असल्या तरी पकड घटतेच.

हवा कमी करण्याचा वाळूतला उपाय इथे करू नका. ताज्या खोल बर्फात त्याचा उपयोग होतो, दाबलेल्या गोठलेल्या रस्त्यावर नाही. गंमत अशी, की पुण्यात ३० अंशांना ३२ पीएसआय भरून निघालात तर थंडीने दाब ५-६ पीएसआय उतरतो, पण ३००० मीटरवर बाहेरची हवाच विरळ असल्याने गेज पुन्हा ३-४ पीएसआय जास्त दाखवतो. बेरीज-वजाबाकी जवळपास जुळते. मनालीत सकाळी गार टायरवर कंपनीने दिलेला आकडा आहे ना एवढं पाहा आणि सोडून द्या.

रेडिएटरमध्ये वाटेत कुणी साधं पाणी ओतलं असेल तर कूलंट बदलून घ्या. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असलं की मिश्रण उणे ३५ च्या आसपासपर्यंत गोठत नाही. वायपरच्या टाकीतलं साधं पाणी काढून न गोठणारं द्रव घाला. डिझेल टाकी मनालीतच भरा. उष्ण भागात भरलेल्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत फिल्टरमध्ये जमून तो चोंदतो.

चेन

फोर बाय फोर आहे म्हणून चेन घ्यायची नाही, हा या रस्त्यावरचा सगळ्यात महागडा काटकसरीपणा. उतारावर ब्रेकला सगळ्यात जास्त मदत करणारी वस्तू तीच आहे. मनालीत विकत किंवा भाड्याने मिळते. टायरवरचा आकडा, उदाहरणार्थ २५५/६५ आर १८, दुकानदाराला दाखवून घ्या आणि तिथेच एकदा चढवून बघा. चाक पूर्ण वळवल्यावर चेन ब्रेकच्या नळीला किंवा सस्पेन्शनला घासत असेल तर ती तुमच्या गाडीची नाही.

चार चाकांना चार सगळ्यात उत्तम. दोनच असतील तर मॅन्युअल सांगतं त्या चाकांना लावा, आणि तोटा ध्यानात ठेवा: फक्त पुढे लावल्या तर उतारावर मागचं बूड फिरून पुढे येऊ बघतं, फक्त मागे लावल्या तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाते.

चढवताना सपाट जागा निवडा आणि चढ सुरू होण्याच्या आधीच थांबा. अडकल्यावर उतारावर गाडीखाली हात घालायचा नाही. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. चाकावर अशी टाका की हुकांची उघडी टोकं बाहेरच्या बाजूला राहतील, नाहीतर टायर कापला जातो. आधी आतली बाजू जोडा, मग बाहेरची. गाडी अर्धा फेरा पुढे घ्या, उरलेली ढिलाई ओढा. ५०-१०० मीटर चालवून उतरा आणि पुन्हा ताणा. ही दुसरी ताण सगळे विसरतात आणि मग ढिली चेन चाकाच्या आतल्या बाजूला गुंडाळली जाते. वेग ३० च्या आत. कोरडं डांबर लागलं की काढा.

डांबर लागतंच, कारण अटल बोगद्याच्या ९.०२ किलोमीटरमध्ये रस्ता बहुतेक कोरडा असतो. चेन तोंडाअलीकडच्या मोकळ्या जागेत काढा, पलीकडे गरज पडली तर पुन्हा चढवा. कंटाळवाणं आहे, पण तुटलेली कडी फेंडर आणि ब्रेकची नळी दोन्ही फाडते. थार आणि जिम्नीला मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नाही. फोर-एचमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकाच गतीने बांधलेला असतो. कोरड्यावर तसं चालवलं तर वळणावर गाडी झटके देते आणि गिअरवर ताण येतो. बोगद्यात टू-एच, बाहेर पडण्याआधी वेग कमी करून पुन्हा फोर-एच.

वाटेवर

बोगद्याची दोन्ही तोंडं वाईट. गाड्यांनी आत नेलेला बर्फ वितळतो, पाणी तोंडाशी येऊन पुन्हा गोठतं. उत्तरेकडून बाहेर पडल्यावर लगेच चंद्रा नदीवरचा पूल आहे. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो, म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो. उजेडात आल्या आल्या समोरच्या पांढऱ्या डोंगराकडे बघत ब्रेक मारणारे इथेच फिरतात.

गोठलेला पारदर्शक थर दिसत नाही, पण ओळखता येतो. रस्ता ओला दिसतोय आणि पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाहीये. टायरचा आवाज एकदम बंद झाला. स्टिअरिंग हलकं लागलं. यातलं काहीही झालं की रेस हळू सोडा, बाकी काही करू नका. पकड मोजायची असेल तर सपाट, रिकाम्या जागी, मागे कुणी नसताना १०-१५ च्या वेगाला ब्रेक दाबून बघा. एबीएस (ब्रेकखाली चाकं अडकू न देणारी यंत्रणा) लगेच कुरकुरला तर रस्त्याचं उत्तर मिळालं. रेस देऊन पकड जोखू नका. फोर बाय फोरमध्ये ते उत्तर खोटं येतं.

वेळेचा हिशेब कडक ठेवा. सकाळी दहाच्या आधी सावलीतली वळणं गोठलेली असतात, दुपारी वरचा थर वितळतो, आणि शून्याच्या आसपासचा ओला बर्फ उणे पंधराच्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो. तीन-चारनंतर सगळे एकदम खाली निघतात, उतारावर रांग लागते आणि थांबलेल्या गाड्यांखालीच रस्ता गोठतो. सिस्सूहून निघून दुपारी दोनच्या आत बोगद्याचं दक्षिण तोंड मागे टाका. आकाश भरून आलं तर चहासुद्धा मनालीतच.

उतार

उताराच्या वरच थांबा. पुढची गाडी खाली पोहोचेपर्यंत निघू नका. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. थार-जिम्नीत फोर-एच पहिला किंवा फोर-एल दुसरा गिअर. चारही चाकं एकत्र बांधलेली असल्याने इंजिनाची ओढ चौघांत वाटली जाते, उतारावर फोर बाय फोरचा खरा फायदा हाच. फोर-एल पहिला मात्र गोठलेल्या थरावर जास्त होतो, इतकी ओढ की चाकंच अडकून घसरतात. बऱ्याच गाड्यांत फोर-एलमध्ये ईएसपी (गाडीचं घसरणं आवरणारी यंत्रणा) बंद होतं, तेही ठाऊक असू द्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिला-दुसरा धरून ठेवा. घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल मारायची सवय असेल तर ती खंडाळ्यातच सोडून या. क्लचवर पाय नको.

वेग माणसाच्या चालीइतका. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर आपोआप वेग आवरणारी सोय) वापरा, पण ते ब्रेकच मारतं. नसलेली पकड ते आणत नाही. गाडी घसरायला लागली की ब्रेक क्षणभर सोडा, म्हणजे चाकं फिरतील आणि स्टिअरिंग ऐकेल. जायचं तिकडे थोडंसंच वळवा. थांबतच नसेल तर डोंगराच्या बाजूला रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात घाला. बंपर मोडेल, चालतंय. सोबतचे उतरून चालणार असतील तर गाडीच्या वरच्या बाजूने, कधीही खालच्या नाही. घसरणारी गाडी हाताने थोपवायला कुणी पुढे आला तर त्याला ओरडून बाजूला करा.

अडकलात तर

सोबत फावडं, दहा किलो वाळू किंवा राख, टो-दोर, टॉर्च, घोंगड्या असू द्या. चाकाखालचा थर फावड्याने खरवडा, वाळू टाका, दुसऱ्या गिअरमध्ये अलगद निघा. फ्लोअर मॅट घालायची वेळ आली तर मागे कुणी उभं नको, ती गोळीसारखी उडते. मीठ उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही.

रात्र गाडीतच काढावी लागली तर सायलेन्सरचं तोंड दर थोड्या वेळाने बर्फातून मोकळं करा. ते बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसं गेली. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालू ठेवा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच दोन बोटं उघडी, आणि एकजण कायम जागा. मदतीला ११२, जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७.

मुक्कामी गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, रात्रीत गोठून बसतो. पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा, वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. इंजिन चालू करून काच आतून तापू द्या आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने थर खरवडा.